प्रतिजैव-रोध, पर्यावरणीय

सूक्ष्मजंतूंची वाढ थांबविणाऱ्या किंवा त्यांचा नाश करणाऱ्या औषधांना दाद न देण्याची जी क्षमता काही सूक्ष्मजंतूंच्या अंगी असते, तिला प्रतिजैव-रोध असे म्हणतात. ही क्षमता मुख्यत्वे रुग्णाच्या शरीरात व रुग्णालयात उत्पन्न होते, असे दीर्घकाळ मानले जात असे. माती, नदी-नाल्यांचे पाणी, वाहितमल (सांडपाणी व मैला यांचे मिश्रण), शेणखत आणि पिकांची पाने ही देखील तिच्या वाढीची व प्रसाराची ठिकाणे आहेत, हे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या संशोधनावरून स्पष्ट झाले आहे. या ठिकाणी प्रतिजैव पदार्थांखेरीज तांबे व जस्त यांची संयुगे, जंतुनाशके व पीडकनाशके यांसारखी रासायनिक प्रदूषकेही सूक्ष्मजंतूंच्या निवडीत भाग घेतात. प्रस्तुत नोंदीत या प्रक्रियेचे विवरण जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांच्या संदर्भात केले आहे.

प्रतिजैव पदार्थ, ज्यांना व्यवहारात अँटिबायॉटिक औषधे म्हणतात, ते बहुतांशी मुळात मातीतलेच आहेत. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोगावरील पहिले परिणामकारक प्रतिजैव औषध स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस या मृदेतील सूक्ष्मजंतूपासून १९४३ मध्ये ॲल्बर्ट शॅट्झ व सेल्मन वॉक्समन यांनी अमेरिकेत वेगळे केले. जो सूक्ष्मजंतू असे विष तयार करतो त्याला स्वतःच्या बचावाची सोय करावीच लागते आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्यांनाही ती हळूहळू साधते. कॅनडातील युकॉन प्रदेशाच्या सु. ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीत टेट्रासायक्लीन व पेनिसिलीन वर्गातील पदार्थांना रोध करणारे जीन (आनुवंशिक एकके) आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा माणसाने रोध निर्माण केला असे म्हणणे बरोबर नाही. विखुरलेल्या व विरळ असलेल्या या जीनांना एकत्र आणून त्यांची बेसुमार वाढ होईल अशी परिस्थिती मात्र त्याने निर्माण केली.

खानदेशाची पार्श्वभूमी : तापी नदी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून पश्चिमेकडे वाहते. चांगदेव येथे तिला पूर्णा मिळते व पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या दक्षिणेकडून येऊन मिळतात. कापूस व केळी ही या खोऱ्यातील प्रमुख नगदी पिके होत. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत गाळाच्या खोल जमिनी असून विहिरी व नलिकाकूपांच्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत. धुळे जिल्ह्याच्या मोठ्या भागात बेसाल्ट खडकावरील काळी जमीन असून तेथे भूजल खडकाच्या भेगांमधून वाहते. गाळाच्या थरातून पाणी झिरपताना ते काही प्रमाणात गाळले जाते. खडकाच्या भेगांतून वाहताना तसे होत नाही. त्यामुळे नाल्यातील दूषित पाणी लगतच्या विहिरीत लवकर पोहोचण्याचा धोका धुळ्याकडील भागात अधिक असतो. पांझरा नदीवरील बंधारे व त्यांवर चालणारी जुनी फड पद्धती येथे लक्षात घेण्यासारखी आहे. एका बंधाऱ्याचे पाणी पाटाने अनेक शेतांना मिळते व उरलेले पुन्हा नदीत उतरून खालच्या बंधाऱ्याला येते. पाणीवाटपाची ही अत्यंत न्याय्य रीत आहे. तथापि पाण्याबरोबर शेतातील जे काही वाहून येते तेही सर्वांना वाटून मिळते.

पिकांवरील प्रतिजैव पदार्थ : कापसावर झँथोमोनास वंशातील सूक्ष्मजंतूमुळे करपा रोग पडतो. पानांवर शिरांनी मर्यादित झालेले कोनाकृती, पाणीदार ठिपके दिसतात. ते पुढे काळपट होतात. खोड व फांद्यांवर काळे चट्टे पडतात आणि बोंडे सडतात. रोगाचे बीज सरकीबरोबर व शेतात राहिलेल्या पऱ्हाटीबरोबर पुढील हंगामात जाते. भारतात पूर्वापार असलेल्या देशी कापसाच्या जाती या रोगाला पुष्कळच दाद देत नाहीत. अमेरिकी जाती मात्र त्याला बळी पडतात. १९७० नंतर संकरित वाणांचा प्रसार झाला व देशी कापूस मागे पडला. त्याबरोबर या रोगाला अनुकूल असे क्षेत्रही वाढले.

यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड व स्ट्रेप्टोसायक्लीन यांची एकत्रित फवारणी सुचविली जात आली आहे. स्ट्रेप्टोसायक्लीन हे पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीचे उत्पादन असून त्यात स्ट्रेप्टोमायसीन ९० टक्के व टेट्रासायक्लीन १० टक्के असते. ते दुकानात ६ ग्रॅमच्या पुडीत मिळते. १० लि. पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड व १ ग्रॅम स्ट्रेप्टोसायक्लीन हे प्रचलित प्रमाण आहे. एकरी २०० लि. द्रावण धरल्यास एका फवारणीत सु. २० ग्रॅम प्रतिजैव मिश्रण शेतावर पडते. कॉपर ऑक्सिक्लोराइडाच्या भुकटीत तांब्याचे प्रमाण साधारणपणे ५० टक्के असल्याने त्याच फवारणीत सु. २५० ग्रॅम तांबेही पडते. केळीच्या कंदकुजीवर, विशेषतः ऊतिसंवर्धित रोपांच्या बागांत, हेच मिश्रण मुळाशी ओतले जाते. या मिश्रणातील प्रतिजैव पदार्थांचा कवकांवर (बुरशीसारख्या सजीवांवर) किंवा व्हायरसांवर काहीही परिणाम होत नाही. केळीवरील करपा (सिगाटोका) कवकजन्य आहे, तर पाने पिवळी पडून पोंगा सडविणारा कुकुंबर मोझॅक व्हायरसजन्य आहे. यांवर कोणी प्रतिजैव फवारले तर पैसे वाया जातात व रोधी सूक्ष्मजंतूंची निवड मात्र होते.

काळ्या मातीतील स्थिती : फवाऱ्याचा मोठा भाग पानांवरून निथळून जमिनीवर येतो. खानदेशच्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट या मृद्-खनिजाचे प्रमाण भरपूर असते. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे ऋण विद्युत् भारित असतात. स्ट्रेप्टोमायसिनाचा रेणू धन भारित असल्याने तो या पापुद्र्यांमध्ये घट्ट धरला जातो. टेट्रासायक्लीन मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियमाशी बद्ध होते. यामुळे दोन्ही पदार्थ मातीतून सहजासहजी वाहून जात नाहीत आणि त्यांची जंतुनाशक शक्तीही पुष्कळ कमी होते. काळी माती ही अशा रीतीने एक प्रकारचा बांध आहे.

हा बांध अभेद्य मात्र नाही. मातीच्या कणांना चिकटलेले टेट्रासायक्लीनही सूक्ष्मजंतूंवर परिणाम करते व रोधी सूक्ष्मजंतूंची निवड घडवू शकते, असे अमेरिकेतील प्रयोगशाळेत केलेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आले. शिवाय ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या जोराच्या पावसात तिचा वरचा थर गढूळ पाण्याबरोबर नाल्यात जातो. चिकटलेला पदार्थ मातीसह प्रवास करतो. सूर्यप्रकाशाने टेट्रासायक्लिनाचे अपघटन होते, पण ते पृष्ठभागावर. ढेकळाच्या आत व गढूळ पाण्यात प्रकाश पोहोचत नाही. फवारणीचा पंप पाटात किंवा विहिरीच्या काठी धुण्याने तर मातीचा हा बांध पूर्णपणे टाळला जातो व औषध थेट पाण्यात उतरते.

तांबे व सहनिवड : तांबे मूलद्रव्य असल्याने त्याचे अपघटन होत नाही. खानदेशातील चुनखडीयुक्त व अल्कधर्मी (क्षारीय) जमिनीत ते फारसे विरघळत नाही, परंतु दरवर्षी वरच्या थरात साठत जाते. तांबे सहन करण्यासाठी सूक्ष्मजंतू ते पेशीबाहेर फेकणारे पंप वापरतात. हे पंप तयार करणारे जीन व प्रतिजैव-रोधाचे जीन पुष्कळदा एकाच प्लाझ्मिडावर असतात. प्लाझ्मिड म्हणजे सूक्ष्मजंतूच्या गुणसूत्राहून वेगळे असे डीएनएचे लहान कडे होय. दोन सूक्ष्मजंतू एकमेकांशी जोडले गेले असता एका पेशीतील प्लाझ्मिडाची प्रत दुसरीत जाते. यासाठी दोन्ही एकाच जातीचे असण्याची गरज नसते. वनस्पतींवरील स्यूडोमोनास सिरिंगी या सूक्ष्मजंतूत तांबे व स्ट्रेप्टोमायसीन या दोहोंना रोध करणारे जीन एकाच प्लाझ्मिडावर असल्याचे अमेरिकेत १९९३ मध्ये दाखविण्यात आले. अशा वेळी तांब्याची फवारणी केली, तरी तांबेरोधी सूक्ष्मजंतूबरोबर त्याचा प्रतिजैव-रोधही टिकून राहतो. यास सहनिवड म्हणतात. नुसते प्रतिजैव औषध बंद केल्याने प्रश्न का सुटत नाही, याचे हे एक प्रमुख कारण आहे. कापसावर तर दोन्ही एकाच पंपातून फवारले जातात.

अमेरिकेतील सफरचंदाच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिनाच्या फवारणीनंतर आढळलेल्या रोधी सूक्ष्मजंतूंतील strA व strB या नावांनी ओळखले जाणारे, म्हणजेच एसटीआर-ए व एसटीआर-बी हे जीन, माणसाच्या आतड्यातील सूक्ष्मजंतूंतही आढळतात. बागेतून आतड्यात किंवा आतड्यातून बागेत असा प्रवासाचा क्रम दर वेळी ठरविता येत नाही. मात्र शेत व माणूस यांच्यामध्ये सूक्ष्मजंतूंच्या दृष्टीने भिंत नाही, हे यातून दिसते.

अत्यल्प प्रमाणाचा परिणाम : ज्या प्रमाणात औषधाने सूक्ष्मजंतूंची वाढ पूर्णपणे थांबते, त्याहून कमी प्रमाण निरुपद्रवी असते, अशी समजूत होती. स्वीडनमधील अप्साला येथे केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्या प्रमाणाच्या शेकडो पटींनी कमी औषध असतानाही रोधी सूक्ष्मजंतू इतरांवर मात करतात, असे आढळले. तेथीलच २०१४ च्या संशोधनात प्रतिजैव पदार्थ व जड धातू एकत्र असल्यास हे प्रमाण आणखी खाली येते असे दिसले. तणनाशकांविषयीही न्यूझीलंडमध्ये असे प्रयोग झाले. २,४-डी, डायकँबा व ग्लायफोसेट यांच्या सान्निध्यात आतड्यातील काही सूक्ष्मजंतूंचा औषधांना होणारा प्रतिसाद बदलला. तो काही औषधांच्या बाबतीत रोधाकडे, तर काहींच्या बाबतीत उलट दिशेने बदलला. म्हणून सर्वच शेतीरसायने रोध वाढवितात असे सरसकट विधान करणे योग्य नाही.

बीटी कापसाविषयीही असाच विवेक आवश्यक आहे. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसात स्ट्रेप्टोमायसीन व कॅनामायसीन यांना रोध करणारे चिन्हक जीन होते. प्रयोगशाळेत योग्य पेशी निवडण्यासाठी त्यांचा उपयोग झाला होता. वनस्पतीच्या पेशीतून असा जीन मातीतील सूक्ष्मजंतूत जाऊन कार्य करू लागणे अत्यंत दुर्मिळ आहे. पानांवर थेट प्रतिजैव फवारण्याच्या तुलनेत हा मार्ग नगण्य समजावयास हरकत नाही.

सूक्ष्मजंतू : सफाई करणारे व वाहून नेणारे : प्रदूषित जमिनीतील सूक्ष्मजंतूंकडे केवळ धोका म्हणून पाहणे एकांगी ठरेल. कापसावर अनेक वर्षे फवारलेल्या कीटकनाशकांचे अपघटन हेच सूक्ष्मजंतू करतात. एन्. सेतुनाथन व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये फिलिपीन्समधील भातशेतीच्या पाण्यातून ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांचे विघटन करणारा सूक्ष्मजंतू वेगळा केला. कटक येथील मातीतून बीएचसीचे विघटन करणारा सूक्ष्मजंतू १९९० मध्ये मिळाला. बीएचसीवर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. बंदी आली तरी मातीत पूर्वीच गेलेल्या अंशांचा निकाल मुख्यतः सूक्ष्मजंतूच लावतात.

या विघटनाला लागणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) तयार करणारे जीनही पुष्कळदा प्लाझ्मिडांवरच असतात. आनंद चक्रवर्ती यांनी १९७० च्या सुमारास खनिज तेलाच्या निरनिराळ्या घटकांचे विघटन करणारी प्लाझ्मिडे एका स्यूडोमोनास सूक्ष्मजंतूत एकत्र आणली, ती या गुणधर्माच्या आधारेच. त्या सूक्ष्मजंतूच्या एकस्वाविषयीचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा निर्णय प्रसिद्ध आहे. नव्या विषाशी जुळवून घेण्याची व ती युक्ती शेजाऱ्याला देण्याची ही एकच शक्ती आहे. कीटकनाशकाच्या बाबतीत ती माणसाला उपकारक ठरते, तर औषधाच्या बाबतीत अपायकारक. यामुळे प्रदूषित जमिनीच्या शुद्धीसाठी बाहेरून सूक्ष्मजंतू सोडण्यापूर्वी त्यांच्यात प्रतिजैव-रोधाची प्लाझ्मिडे नाहीत ना, याची तपासणी आवश्यक ठरते.

पाणी व वाहितमल : अनेक प्रतिजैव औषधांचा बराच भाग शरीरात न बदलता मलमूत्रावाटे बाहेर पडतो. शहरी वाहितमलात त्यामुळे औषधांचे अंश, रोधी सूक्ष्मजंतू व घरगुती जंतुनाशके एकत्र येतात. वाहितमल शुद्धीकरणाच्या रूढ संयंत्रांची रचना सेंद्रिय द्रव्य कमी करण्यासाठी केलेली असते, रोधी जीन नष्ट करण्यासाठी नव्हे. संयंत्राच्या टाकीत सूक्ष्मजंतूंची दाटी असल्याने तेथे प्लाझ्मिडांची देवाणघेवाण सुलभच होते. शुद्ध न केलेले पाणी नाल्यातून उपसून शहराकडेच्या भाजीमळ्यांना दिल्यास ते पालेभाज्यांवर येते. खानदेशी भरितातील वांगे आगीत चांगले भाजले जात असल्याने निर्धोक असते; त्यात कच्ची मिसळली जाणारी कांद्याची पात व कोथिंबीर मात्र स्वच्छ पाण्याने धुतलेली असावी लागते.

गावांतील पिण्याच्या पाण्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (विरंजक चूर्ण) घालतो. योग्य मात्रेत ते रोधी व अरोधी या दोन्ही सूक्ष्मजंतूंना मारते. म्हणून क्लोरिनीकरण हा आजही सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत आतड्यातील सूक्ष्मजंतू आहेत की नाहीत एवढेच पाहिले जाते. ते कोणत्या औषधांना दाद देत नाहीत हे तिच्यावरून समजत नाही. दोन विहिरींचे अहवाल सारखे असूनही एकीतील सूक्ष्मजंतूमुळे झालेला आजार साध्या औषधाने बरा होईल व दुसरीतील होणार नाही, असे घडू शकते. तापीचे पाणी पुढे उकाई जलाशयात व तेथून सुरतेकडे जाते, हे लक्षात घेता हा प्रश्न एका जिल्ह्यापुरता राहत नाही.

औद्योगिक प्रदूषणाचे टोकाचे उदाहरण तेलंगणातील पाटनचेरू येथे आढळले. अनेक औषध कारखान्यांचे पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिग्रॅ.पर्यंत सिप्रोफ्लोक्सासीन असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. खानदेशात औषधनिर्मितीचे तसे केंद्रीकरण नाही. येथील प्रदूषण पसरट आहे. ते हजारो शेतांतून व शेकडो गावांतून थोडे थोडे येते. त्यामुळे एखाद्या कारखान्याच्या नळावर बोट ठेवावे तसे त्याच्यावर ठेवता येत नाही व त्याचे नियंत्रणही अधिक अवघड असते.

आरोग्यावरील परिणाम : शेतात स्ट्रेप्टोमायसीन फवारल्याने क्षयरोगाचे जंतू रोधी होतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. क्षयाच्या जंतूंमध्ये रोध हा त्यांच्या स्वतःच्या गुणसूत्रातील उत्परिवर्तनाने (आनुवंशिक बदलाने) येतो, प्लाझ्मिडांवाटे नव्हे. खरा धोका आतड्यातील सूक्ष्मजंतूंबाबत आहे. त्यांच्या प्लाझ्मिडांवर स्ट्रेप्टोमायसिनाच्या जीनाशेजारी इतर अनेक औषधांना रोध करणारे जीन असू शकतात व एकाच्या निवडीने सर्वांची निवड होते. मूत्रमार्गाचे संसर्ग, शस्त्रक्रियेनंतरच्या जखमा व नवजात अर्भकांतील रक्तदोष यांवरील उपचार त्यामुळे अवघड, लांब व महाग होतात. कार्बापेनेम या राखीव औषधांना रोध करणारे एनडीएम-१ हे एंझाइम २००८ मध्ये प्रथम एका रुग्णात सापडले. त्याचा जीन दिल्लीतील नळाच्या व साचलेल्या पाण्यात आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

नियंत्रण व पर्याय : केंद्रीय नोंदणीनुसार स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण आठ पिकांसाठी मान्य होते. त्यांत कापूस व केळी यांचा समावेश नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने या मिश्रणाचे उत्पादन १ फेब्रुवारी २०२२ पासून व वापर १ जानेवारी २०२४ पासून बंद करण्याविषयीचा मसुदा आदेश प्रसिद्ध केला. कोंबड्या व इतर खाद्य प्राण्यांमध्ये कोलिस्टिनाचा वापर करण्यास जुलै २०१९ मध्ये बंदी घालण्यात आली. ज्या पिकात व ज्या रोगासाठी औषधाची नोंदणीच नाही, तेथे ते सुचविले जाणे ही कायद्यापेक्षा सल्ल्याच्या पातळीवरील त्रुटी आहे. दुकानदाराचा सल्ला हाच जेथे शेतकऱ्याला वेळेवर मिळणारा एकमेव सल्ला असतो, तेथे ती केवळ बंदीने दूर होणार नाही.

कापसाच्या करप्यासाठी प्रतिजैव पदार्थांविना चालणारे उपाय जुने व परिणामकारक आहेत. सरकीवरील तंतू गंधकाम्लाने काढून ती स्वच्छ पाण्याने धुतल्यास बियांच्या पृष्ठभागावरील रोगकारक सूक्ष्मजंतू नष्ट होतात. रोगट पऱ्हाटी शेतातून काढणे, पिकांची फेरपालट व रोधक वाणांचा वापर यांनीही प्रादुर्भाव घटतो. केळीच्या कंदकुजीसाठी निचरा सुधारणे व निरोगी कंद किंवा रोपे निवडणे यांना पहिले स्थान द्यावे लागते.

जैव नियंत्रणाचा मार्गही खानदेशातच अभ्यासला गेला आहे. जळगाव येथील विद्यापीठात (स्थापना १९९०, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) सिडेरोफोर या पदार्थांवर संशोधन झाले. सिडेरोफोर म्हणजे सूक्ष्मजंतूंनी परिसरातील लोह पकडण्यासाठी सोडलेले रेणू होत. चुनखडीयुक्त जमिनीत विद्राव्य लोह अत्यल्प असते. स्यूडोमोनास वंशातील उपकारक सूक्ष्मजंतू मुळांभोवतीचे लोह आपल्याकडे ओढतात. त्यामुळे रोगकारक कवके व सूक्ष्मजंतू यांची उपासमार होते आणि वनस्पतीला मात्र लोह मिळण्यास मदत होऊ शकते. या विषयावरील, अजित वर्मा व जळगावचे सुधीर चिंचोलकर यांनी संपादिलेला ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा सूक्ष्मजंतूंची पावडर किंवा द्रवरूप संवर्धने बाजारात मिळतात. त्यांचा परिणाम प्रतिजैव फवारणीसारखा तात्काळ दिसत नाही. ती रोग पडल्यावर नव्हे, तर लागवडीच्या वेळीच वापरावी लागतात आणि तांब्याच्या फवाऱ्याबरोबर मिसळल्यास मरतात.